ओढून न तुटणारा पट्टा

दीपमालाला असा पट्टा हवा होता, की जो गालाला लागणार नाही.

दुकानात हे असं सांगता येत नाही. म्हणून ती म्हणाली, मऊ दाखवा.

दुकान जळगावात, सराफ बाजारामागच्या एका बोळात. पाटीवर नाव नूर महंमदचं. घड्याळाच्या आतलं काम तो बघायचा, आणि बाहेरचं, म्हणजे पट्ट्यांचं, त्याची बायको अकबरी. शुक्रवारची दुपार होती, नूर महंमद नमाजाला गेला होता. अकबरी काउंटरमागे मांडी घालून चामड्याला टाके घालत होती. साठीची बाई, अंगठ्याला जाड रबर गुंडाळलेलं, दोन सुया एकाच वेळी चालवणारी. मान वर न करता तिने हात पुढे केला.

दीपमालाने पर्समधून रुमाल काढला, रुमालातून घड्याळ. जुनं, सोन्याचं, तबकडी सायीसारखी पिवळट झालेली. रोज सकाळी चावी द्यावी लागते असलं. पट्टा एका बाजूने उसवून लोंबत होता.

अकबरीने ते उलटंसुलटं करून पाहिलं. पट्टा अडकवायच्या दांड्या घड्याळाला पक्क्या झाळलेल्या होत्या, निघणाऱ्या नव्हत्या. म्हणजे बाजारातला तयार पट्टा यात बसणार नाही, चामडं दांडीभोवती गुंडाळून इथंच हाताने शिवावं लागणार. धुळ्यातल्या दुकानदारांनी म्हणूनच तर नको म्हटलं होतं.

"झिजून नाही तुटलेला हा," अकबरी म्हणाली. "ओढलाय कुणीतरी."

दारात अडकला, दीपमालाने सांगितलं.

०

दारात अडकला नव्हता.

मागच्या रविवारी, धुळ्यात, देवपुरातल्या घरी, घड्याळ मागे पडलं होतं. चावी द्यायची दीपमालाने, घालायचं भूपेंद्रने, असा त्या घरातला रिवाज. ती आदल्या दिवशी तापाने फणफणलेली, चावी द्यायची राहिली. भूपेंद्रचं फरशीचं दुकान. घड्याळाच्या भरवशावर तो एका ठेकेदाराकडे उशिरा पोचला, ठेकेदार निघून गेलेला. तो घरी परतला तेव्हा ती कुकर लावत होती.

पहिली बसली ती उलट्या हाताची. कुकरचं झाकण ओट्यावरून खाली गेलं. दुसरीसाठी हात वर गेला आणि दीपमालाने तो धरला. लग्नाला नऊ वर्षं झाली, पहिल्यांदाच धरला. का धरला हे तिलाही कळलं नाही, ताप होता म्हणून असेल. तिच्या बोटांत मनगट आलं नाही, पट्टा आला. चर्र झालं आणि घड्याळ फरशीवर पडलं.

भूपेंद्र थांबला. खाली वाकला, घड्याळ उचललं, कानाला लावलं. टिकटिक चालू होती. त्याने ते शर्टाला पुसलं आणि फ्रिजवर, मागे सरकवून, जपून ठेवलं.

आणि मग त्याचे दोन्ही हात मोकळे झाले.

० ०

तिला याचं सगळं शास्त्र पाठ होतं. सुलट्या हाताची बसली की मनगटाच्या आतल्या अंगाचं बक्कल हनुवटीला लागतं. उलट्या हाताची बसली की कानाखाली फुटतं. केस धरून ओढलं तर काही केस पट्ट्यात अडकून येतात, ते रात्री तो स्वतःच निवांतपणे एकेक करून काढतो. माणसं घड्याळ डाव्या हातात घालतात आणि मारतात उजव्याने. भूपेंद्र डावखुरा. मांडवात सगळे विधी त्याच्याकडून उजव्या हातानेच करून घेतले, त्यामुळे हे तेव्हा कुणाला कळलं नव्हतं.

आज संध्याकाळी जळगावात त्याच्या चुलतभावाचा साखरपुडा. लोक मनगट बघतात, घड्याळ घातल्याशिवाय तो जाणार नव्हता. त्याने गाडी चौकात थांबवली, तिला उतरवलं. पट्टा करून घे, पिंप्राळ्याला तुझ्या बापाकडे जाऊन बस, मी तिथून उचलतो. आणि काच वर करता करता हसून म्हणाला, यावेळी जरा चांगला निवड, तूच तोडलायस.

तर तिला चांगला निवडायचा होता. तिची चांगल्याची व्याख्या एवढीच, की बक्कल लहान असावं, कडा वळवून शिवलेल्या असाव्यात आणि चामडं लोण्यासारखं असावं.

० ० ०

पट्टा करणारी बाई आधी माणूस विचारते, मग चामडं काढते. अकबरीची पद्धतच ती.

मनगट केवढं आहे?
(सांगितलं: जाड आहे. नाही सांगितलं: माझ्या दोन्ही हातांच्या पकडीत मावत नाही.)

घाम येतो फार?
(सांगितलं: येतो, फरशीचं दुकान आहे. नाही सांगितलं: मारून झाल्यावर येतो. मग पंखा लावायला सांगतो.)

पाण्यात हात जातो?
(सांगितलं: नाही. नाही सांगितलं: त्या घरात पाण्यात फक्त माझेच हात जातात.)

हात कशावर आपटतो, घासतो?

यावर दीपमालाने रिकाम्या रुमालाची घडी घातली. अकबरीच म्हणाली, फरशीचं दुकान म्हणालीस ना, मग घासत असणार. तिने काउंटरवर चामड्याच्या पट्ट्या पसरल्या. बकरीचं, मेंढीचं, म्हशीचं, मगरीची नक्षी ठोकलेलं एक. लोक पट्टा मुलीसारखा बघतात, ती म्हणाली, आधी रंग विचारतात, मग किती दिवस टिकेल ते. आणि स्वतःच्याच बोलण्यावर हसली. हसताना दिसलं, तिच्या वरच्या दातांत पुढेच एक मोठी फट होती.

दीपमालाने बकरीचं चामडं उचललं आणि गालाला लावलं.

मग मेंढीचं. ते तिने हनुवटीवर दाबून पाहिलं. मग कडेने ओढून पाहिलं. मग, आपण दुकानात आहोत हे विसरून, चामड्याची पट्टी दोन बोटांत धरून तिने आपल्याच गालावर मारली. हलकेच. पुन्हा, जरा जोरात. मान तिरकी करून, जणू ऐकत असल्यासारखी.

टाके थांबले. या काउंटरवर हजारोंनी पट्टे बघितले असतील, मनगटावर, उजेडात, आरशात. गालावर कुणी बघितला नव्हता.

अकबरी उठली नाही. तिने काउंटरवरून हात लांब केला आणि दीपमालाच्या कानावरचे केस बाजूला केले. कानाखाली एक गोल डाग होता, जुना नाही, नवाही नाही. आठ आण्याच्या नाण्याहून लहान. त्याच्या कडेला बारीक दाते. अकबरीने घड्याळ उचललं आणि त्याची चावी, जी चिमटीत धरून फिरवतात ती दातेरी सोन्याची घुंडी, त्या डागाजवळ नेली. लावली नाही. लावायची गरज नव्हती.

"हे बक्कलाचं नाही," ती म्हणाली. "चावीचं आहे. चामडं कितीही मऊ घे बेटी, लागतं ते सोनं."

०

सोनं आबांचं होतं.

दीपमालाचे वडील रुपचंद पाचोऱ्याच्या जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी मोजायचे. एका उन्हाळ्यात गंजीला आग लागली, आणि मालक रतिलाल शेठ आत अडकले, त्यांना रुपचंदने पाठीवर घालून बाहेर काढलं. शेठनी काळ्या पडलेल्या हाताने मनगटावरचं घड्याळ सोडलं आणि तिथंच त्याच्या हातात बांधलं. नंतर तीस-पस्तीस वर्षं आबांनी ते रोज सकाळी अंघोळीनंतर चावी देऊन घातलं. पाचोऱ्यात त्यांना घड्याळवाले आबा म्हणत.

मग दीपमालाचं लग्न. जेवणाच्या पंगतीत जावई रुसतो, ती रीतच आहे. हात आखडून बसायचं, सासऱ्याने काहीतरी द्यायचं, सगळ्यांनी हसायचं. भूपेंद्र रुसला. अंगठी दाखवली, मान हलवली. मोटारसायकल कबूल केली, मान हलवली. मग त्याने बोटाने आबांचं मनगट दाखवलं. पंगत हसली. आबाही हसले, जरा उशिरा. आणि सगळ्यांसमोर त्यांनी घड्याळ सोडून जावयाच्या हातात स्वतः बांधलं, डाव्या हातात, बक्कल घट्ट ओढून. दीपमाला शेजारच्या पाटावर बसली होती. तिलाही त्या वेळी कौतुकच वाटलं होतं.

एका दिवाळीला ती माहेरी आली तेव्हा अर्धा चेहरा सुजला होता. आबांनी तिच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग जावयाकडे वळून त्यांनी विचारलं, "घड्याय बराबर चाली ऱ्हायनं ना, जवाईबापू?"

एकदम टकाटक मामा, भूपेंद्र म्हणाला.

त्यानंतर प्रत्येक वेळी तेच. ओठ फुटला होता तेव्हा, बरगडीला पट्टा बांधला होता तेव्हा, फोनवर ती नुसती रडत होती तेव्हा. घड्याळ चालतंय ना. चालतंय, आबा.

० ० ० ०

"मऊ नको," दीपमाला म्हणाली.

अकबरीने मेंढीचं चामडं गुंडाळून ठेवलं.

"ओढलं तरी तुटणार नाही असं काय आहे?"

म्हशीचं आहे, अकबरी म्हणाली. जोड्याच्या तळव्याचं असतं तसलं, पातळ तासून. दुहेरी शिवण घालते, मेणाचा दोरा. घड्याळ मोडेल, हे नाही तुटणार. पण नवं असताना लाकडासारखं राहतं, बक्कल सुटायला फार त्रास देईल. आणि एकदा शिवलं की दांडीवरून कापल्याशिवाय निघणार नाही. त्यांचं मनगट जाड, तर भोकं बाहेरच्या अंगाला पाडते.

दीपमालाने आपला डावा हात काउंटरवर ठेवला, पालथा.

"एवढं मनगट आहे. माझ्या आबांचं. माझ्याएवढंच राहिलंय आता."

अकबरीने त्या हाताकडे पाहिलं, मग तिच्या तोंडाकडे. आपल्या दातांतल्या फटीत तिने जीभ घातली, काढली, आणि मापाची फीत दीपमालाच्या मनगटाभोवती गुंडाळली. मग सुई चालू झाली. चामडं इतकं कडक, की प्रत्येक टाक्याला आधी आरीने भोक पाडावं लागत होतं. खच. दोरा ओढला की करकर. खच. दीपमाला शेवटचा टाका होईपर्यंत तिथंच उभी होती.

भोक एकच पाड, ती म्हणाली.

अकबरीने एकच पाडलं.

०

पाचोरा सोडल्यापासून पिंप्राळ्यातल्या कॉलनीत आबांचं दोन खोल्यांचं घर. आई, भिकुबाई, गेल्यापासून ते एकटेच. दातांची कवळी बसत नाही म्हणून शेंगदाणे कुटून खायचे. खुर्चीशेजारी स्टुलावर लोखंडी खलबत्ता कायम. दीपमाला आत आली तेव्हा ते कुटतच होते. तिने त्यांच्या हातातून बत्ता काढून खलात ठेवला, समोर बसली आणि त्यांच्या डाव्या मनगटावर घड्याळ बांधलं. बक्कल भोकात घालायला तिला दोन्ही अंगठ्यांचा जोर लावावा लागला.

आबांना आधी आनंदच झाला. हात कानाशी नेला. चाली ऱ्हायनं, म्हणाले. मग घड्याळ आता कुणाचं हे आठवून चेहरा बदलला. पन हाई तं जवाईनं शे, म्हणाले.

दीपमालाने त्यांचा तो हात धरला, पालथा केला आणि आपल्या कानाखाली मारला.

आबांना वाटलं चेष्टा. ते हसायला लागले. तिने पुन्हा मारला, या वेळी खांद्यापासून ओढून. चावी जिथं लागायची तिथंच लागली. आबांनी हात मागे घ्यायला पाहिला. नऊ वर्षं कुकर, बादल्या, फरशीची खोकी उचलून तिच्या हातात आलेलं बळ म्हाताऱ्याच्या हातात कुठून असणार. तिने तिसऱ्यांदा मारला. दीपे, सोड, ते म्हणत होते, दीपे, हात सोड मना. चौथ्यांदा खपली फुटली. सोन्याच्या कडेला, चावीच्या दात्यांत, रक्त भरलं. म्हाताऱ्याच्या बोटांवरून ओघळ पांढऱ्या पायजम्यावर गेला.

"आबा, तुम्ही दरवेळी विचारता ना, घड्याळ चालतंय का," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "हे असं चालतं."

आबा आपल्या हाताकडे बघत राहिले. तोंड उघडं, त्यात कुटलेल्या शेंगदाण्याचा भुगा. मग त्यांनी उजव्या हाताने बक्कल सोडवायला सुरुवात केली. घाईघाईने, पेटत्या वस्तूला हात लावल्यासारखं. बोटं घसरत होती. चामडं हलेना.

"जवाईले दिधेल चीज परत लेतस नही," ते पुटपुटत होते. "दिधेल चीज परत..."

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला.

० ०

एकदा वाजला. दुसऱ्यांदा लांब वाजला. मग दार आपटल्याचा आवाज आणि भूपेंद्र उंबऱ्यात.

त्याने अंगावर नवा नेहरू शर्ट घातला होता, अत्तर लावलं होतं. दीपमालाच्या गळ्यावर उतरलेलं रक्त त्याने पाहिलं आणि त्याला जरा नवलच वाटलं, कारण हे त्याने केलेलं नव्हतं. मग सासऱ्याचं मनगट दिसलं.

"काय मामा," तो हसला, "परत नवरदेव व्हायचंय की काय? आणा इकडे, तिकडे माणसं खोळंबलीत."

निघत नही शे, आबा म्हणाले, थांबा जवाईबापू, काढतो, काढी ऱ्हायनू. नखं घालत होते. बक्कल जागचं हलत नव्हतं.

भूपेंद्रला घाई होती. आणि त्याला माहीत होतं, हा पट्टा एका ओढीत तुटतो, बायकोच्या हातानेसुद्धा तुटतो. त्याने डाव्या हाताची बोटं पट्ट्याखाली घातली आणि हिसका दिला.

पट्टा आला नाही. आबा आले.

खुर्चीतून सरळ पुढे. तोंड टीपॉयच्या कडेवर आपटलं, कवळी उडून टीव्हीखाली गेली. भूपेंद्रची बोटं पट्ट्याखालीच होती. तो चिडला. वस्तू आपली, आणि येत नाही. त्याने म्हाताऱ्याच्या दंडावर बूट ठेवला आणि दुसरा हिसका दिला. खांद्यातून एक ओला आवाज आला. आबा ओरडले नाहीत, फक्त हवा बाहेर आली. तिसऱ्या हिसक्याला मनगटाची कातडी पट्ट्याखाली सोलली गेली, साल निघते तशी. शिवण जशीच्या तशी. भूपेंद्र शिव्या द्यायला लागला, आधी घड्याळाला, मग सासऱ्याला, मग दीपमालाच्या मेलेल्या आईला, कुणी शिवलंय हे, कोणत्या रांडेने शिवलंय, आणि चौथ्या हिसक्यासाठी त्याने

० ० ०

बत्ता.

०

पहिला घाव भूपेंद्रच्या मनगटावर बसला. आवाज तुरीची वाळकी काठी मोडताना होतो तसा. भूपेंद्रने हात काढायला पाहिला, पण बोटं म्हशीच्या चामड्याखाली अडकली होती. घट्ट. एकाच भोकावर, म्हाताऱ्याच्या मनगटाच्या मापाने शिवलेल्या पट्ट्याखाली. तेव्हा दुसरा घावही तिथंच बसला. दीपमालाने तो नीट बघून घातला, घड्याळ वाचवून, आबांचा हात वाचवून, उखळात मिरची कुटताना जसा काठ वाचवतात. तिसऱ्याला बोटं आपोआप निघाली. ती आता ज्या दिशांना वळली होती त्या दिशांना बोटं वळत नाहीत.

तो खाली बसला. आपला डावा हात उजव्या हातात घेऊन तो त्याच्याकडे अशा नजरेने बघत होता, की हे कुणाचं आहे. अत्तराचा वास आणि रक्ताचा वास एक झाला. मी पोलिसात जाईन, तो म्हणाला. तुला सडवीन आत.

दीपमालाने मान डोलावली. जा म्हणाली. कानाखालचं दाखवायला मीही येते.

ती एक पाऊल पुढे आली. बत्ता तिने खांद्याशी धरला होता. भूपेंद्र बसल्या जागेवरून मागे सरकला, ढुंगणावर, नव्या शर्टासकट, उंबऱ्यापर्यंत. तिथं भिंतीला धरून उठला. बाहेर गाडीचं दार त्याला डाव्या हाताने उघडायची सवय, उघडेना. उजव्याने उघडलं. आत बसला. एका हाताने गाडी काही हलेना. मग तो स्टिअरिंगवर ओणवा झाला असावा, कारण हॉर्न वाजायला लागला आणि वाजतच राहिला. शेजारच्या खिडक्या उघडल्या. कुणीतरी विचारलं, कोनाघर शे?

आबा अजून फरशीवरच होते, एका कुशीवर. ओठ फाटला होता. उजव्या हाताने ते डावं मनगट चाचपत होते. दीपमालाला वाटलं, पुन्हा बक्कल सोडवतायत. ती खाली वाकली. ते बक्कल सोडवत नव्हते. सोललेल्या कातडीवर पट्टा वर सरकला होता, तो त्यांनी खाली ओढून जागेवर आणला. चावीतलं रक्त अंगठ्याने पुसायला पाहिलं. ते तिचं होतं, आणि आता थोडं त्यांचंही. पुसलं गेलं नाही.

हॉर्न वाजतच होता. कवळीशिवाय त्यांचं बोलणं फुसफुस ऐकू येई. तिने कान तोंडाजवळ नेला, रक्ताच्या बाजूचा.

"कडी लाव," आबा म्हणाले. "आन बत्ता हातमाच ऱ्हाऊ दे."